गणिताची पदवी आणि कर्जाचा हिशेब

गणिताच्या पदवीसाठीं कर्ज काढावें काय, हा प्रश्न आज अनेक घरांतून विचारला जातो. त्यासाठीं इंग्लंडांतील व्यवस्था पाहणें उद्बोधक ठरेल. तेथें २०२५-२६ सालीं पदवीचें कमाल वार्षिक शुल्क ९,५३५ पौंड होतें. याच दरानें तीन वर्षांचे २८,६०५ पौंड होतात. परंतु ऑगस्ट २०२३ पासून शिक्षण आरंभणाऱ्या तेथील विद्यार्थ्यांनीं २०२६-२७ मध्यें २५,००० पौंडांवरील मिळकतीचा केवळ शेंकडा ९ भाग फेडावयाचा असतो, व चाळीस वर्षांनीं बाकी माफ होते. म्हणजे ३५,००० मिळविणारा वर्षास ९०० भरतो. २५,००० पर्यंत मिळविणारा कांहींच नाहीं. व्याज शेंकडा ४ धरल्यास तें १,१४४ होतें. म्हणजे पहिल्याचें कर्जही वाढतेंच, पण ओझें मिळकतीच्या मापानें पडतें.

आपल्या बँकेचा हप्ता मात्र पगार पाहून थांबत नाहीं. विमागणितज्ञ होणारा पदवीधर आणि शाळेंत शिकविणारा पदवीधर यांची मिळकत सारखी नव्हे. म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, कर्जाचा हिशेब शिक्षकाच्या पगारावर मांडावा. त्यांतून हप्ता भागत असेल, तर मुलीच्या वा मुलाच्या आवडीआड कुटुंबानें येऊं नये.