अपडेट आलं, पण लगेच घ्यायचं का?

तुमच्या फोनवर अधूनमधून एक सूचना येते: 'नवीन अपडेट आलं आहे.' आपण बटण दाबतो आणि विसरून जातो. पण ते अपडेट नीट चालतं की नाही, हे आधी कोण तपासतं? फोनचं काम कंपनी बघते. डेबियनच्या मागे मात्र कंपनीच नाही!

डेबियन ही संगणक चालवणारी प्रणाली आहे. इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने ती 1993 मध्ये सुरू केली. त्याच्या मैत्रिणीचं नाव होतं डेब्रा. डेब्रा आणि इयान मिळून झालं 'डेबियन'. आज जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात. ती फुकट मिळते आणि तिचा कोड कुणालाही वाचता येतो.

डेबियनमध्ये 60 हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. पॅकेज म्हणजे जणू बांधलेला डबा. डब्यात प्रोग्रॅम असतो आणि सोबत एक चिठ्ठी: 'मला चालायला आणखी ही पॅकेजेस लागतात.' म्हणून एक पॅकेज बदललं, की त्यावर अवलंबून असलेली दुसरी बिघडू शकतात. मग काय करायचं? डेबियनचं उत्तर सोपं आहे: पायरी पायरीने जायचं.

पहिली पायरी 'अनस्टेबल'. पॅकेज सांभाळणारा स्वयंसेवक नवं अपडेट आधी इथे ठेवतो. या पायरीचं टोपणनाव आहे 'सिड'. 'टॉय स्टोरी' सिनेमात खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा आठवतो का? तोच हा सिड! इथे काही मोडलं, तर कुणाला नवल वाटत नाही.

दुसरी पायरी 'टेस्टिंग'. वर चढण्याआधी पॅकेजला साधारण 2 ते 10 दिवस थांबावं लागतं. तेवढ्यात कुणाला मोठी चूक सापडली, तर ते तिथेच अडकतं.

तिसरी पायरी 'स्टेबल'. साधारण दर दोन वर्षांनी टेस्टिंगमध्ये नवे बदल घेणं थांबवतात, राहिलेल्या चुका दुरुस्त करतात आणि नवी स्टेबल आवृत्ती काढतात. त्यानंतर तिच्यात शक्यतो नवं काही घालत नाहीत. पण सुरक्षेची चूक सापडली, तर दोन वर्षं थांबून कसं चालेल? अशा वेळी पॅकेज जुनंच ठेवतात आणि तेवढीच चूक दुरुस्त करून लगेच पाठवतात. शर्ट फाटला तर आपण ठिगळ लावतो ना, तसंच.

आता एक खरी गोष्ट. फाइल लहान करणारं 'एक्सझेड' नावाचं एक पॅकेज आहे. ते सांभाळणारा माणूस एकटा होता आणि थकला होता. टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी त्याला दोन वर्षांहून जास्त काळ मदत केली, त्याचा विश्वास मिळवला आणि 2024 मध्ये पॅकेजमध्ये गुपचूप चोरदरवाजा बसवला. तो वापरून परक्या संगणकात शिरता आलं असतं. हे पॅकेज डेबियनच्या पहिल्या दोन पायऱ्या चढलंसुद्धा!

मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हा प्रोग्रॅमर डेबियन सिडवर काम करत होता. दुसऱ्या संगणकावर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याच्या लक्षात आलं. दुसऱ्या कुणी ते सोडून दिलं असतं. त्याने कारण शोधलं आणि चोरदरवाजा सापडला. 29 मार्चला त्याने सगळ्यांना सावध केलं. स्टेबल वापरणारे लोक वाचले, कारण त्यांच्याकडे अजून जुनंच पॅकेज होतं.

म्हणजे नुसतं थांबून भागत नाही. थांबलेल्या वेळात कुणीतरी डोळे उघडे ठेवून बघावं लागतं. आणि जो एकटा राबतोय, त्याला 'दमलास का रे?' असंही विचारावं लागतं.

सांगा बघू:
1. 'सिड' हे नाव त्या पायरीला का शोभतं?
2. स्टेबलमध्ये सुरक्षेची चूक कशी दुरुस्त करतात?
3. तुम्ही तिन्हींपैकी कोणती पायरी वापराल? का?