पित्त जुने झाले, पण जठर कोणत्या पायरीवर आहे?

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव त्याच्या जुन्या बारवांमुळे, विशेषतः चक्राकार उतरत जाणाऱ्या पायऱ्यांच्या बारवेमुळे अभ्यासकांना परिचित आहे. अशा बारवेच्या काठावर उभे राहून तळाशी पाणी किती आणि गाळ किती, हे सांगता येत नाही. त्यासाठी खाली उतरून पाहावे लागते. जठराचेही तसेच आहे. वरून जाणवणारी जळजळ, करपट ढेकर किंवा पोटफुगी यांवरून आतल्या अस्तराची अवस्था ओळखता येत नाही.

वालूर काय, मराठवाड्यातील कोणतेही गाव काय, ‘पित्ताचा त्रास’ नाही असे घर विरळाच. सकाळी उठताच आम्ल कमी करणारी एक गोळी घ्यावी आणि कामाला लागावे, असा कित्येकांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ असतो. अशा कुटुंबांत एक प्रश्न बहुधा दबक्या आवाजात विचारला जातो : या जुन्या पित्ताचे पुढे कर्करोगात रूपांतर तर होणार नाही ना? बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. परंतु ज्या थोड्या रुग्णांना हा धोका खरोखर असतो, ते कोण हे ओळखण्याचे सर्वांत विश्वासार्ह साधन म्हणजे एंडोस्कोपी आणि तिच्यासोबत केलेली बायोप्सी.

पित्त निराळे, जठरदाह निराळा

ज्याला डॉक्टर ‘गॅस्ट्रायटिस’ म्हणतात तो जठरदाह म्हणजे जठराच्या आतील अस्तराला आलेली सूज. छातीत जळजळणाऱ्या प्रत्येकाला ती असतेच असे नाही, आणि ती असलेल्या प्रत्येकाला जळजळ होतेच असेही नाही. किंबहुना सूज दीर्घकाळ टिकली की आम्ल निर्माण करणाऱ्या ग्रंथी हळूहळू नष्ट होतात, आम्ल कमी होते आणि त्रासही ओसरल्यासारखा वाटतो. अशा वेळी ‘पित्त गेले’ म्हणून रुग्ण निश्चिंत होतो, आत मात्र अस्तर विरळ होत गेलेले असते.

दीर्घकालीन जठरदाहाचे प्रमुख कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी 1982 मध्ये त्याचा छडा लावला. या शोधासाठी त्यांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून नोंदवले. त्याची लागण बहुधा बालपणीच, घरातल्या घरात किंवा दूषित पाण्यातून होते. आपल्या देशात ती अत्यंत सर्रास आढळते, तरीही त्यांतील फार थोड्यांनाच कर्करोग होतो. म्हणून केवळ ‘जिवाणू आहे’ एवढ्यावरून धोका ठरत नाही. त्याने अस्तराची किती हानी केली, यावर तो ठरतो.

कर्करोगाकडे नेणाऱ्या पायऱ्या

ही हानी टप्प्याटप्प्याने होते, हे कोलंबियात जन्मलेले विकृतिशास्त्रज्ञ पेलायो कोरिया यांनी 1975 मध्ये मांडले. पहिल्या पायरीवर साधी सूज असते. दुसऱ्या पायरीवर ग्रंथी झिजून अस्तर विरळ होते, यास ‘अॅट्रॉफी’ म्हणतात. तिसऱ्या पायरीवर जठराच्या पेशींची जागा आतड्यासारख्या पेशी घेतात, हा ‘इंटेस्टिनल मेटाप्लासिया’. चौथ्या पायरीवर पेशींची रचनाच बिघडते, ती ‘डिस्प्लेसिया’. कर्करोग त्यानंतर येतो. या प्रवासास अनेक वर्षे, बहुधा दशके लागतात आणि बहुतेक रुग्ण वरच्या पायऱ्यांवरच थांबतात. हा दीर्घ अवधी हीच वैद्यकाला मिळालेली संधी होय.

पायरीनुसार धोका कसा बदलतो, हे जपानमधील नाओमी उएमुरा व सहकाऱ्यांच्या 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ठळकपणे दाखविले. 1,526 रुग्णांवर सरासरी 7.8 वर्षे एंडोस्कोपीने लक्ष ठेवण्यात आले. जिवाणूची लागण असलेल्या 1,246 जणांपैकी 36 जणांना जठराचा कर्करोग झाला. लागण नसलेल्या 280 जणांपैकी एकालाही तो झाला नाही. लागण झालेल्यांतही तीव्र अॅट्रॉफी, जठराच्या मध्यभागी अधिक असलेली सूज आणि मेटाप्लासिया असणाऱ्यांना धोका बराच अधिक होता.

दुर्बिणीतून काय दिसते?

एंडोस्कोपी म्हणजे साधारण करंगळीएवढ्या जाडीची, टोकाला कॅमेरा असलेली लवचीक नळी तोंडावाटे जठरात उतरवून केलेली तपासणी. निरोगी अस्तर गुलाबी व घड्यांचे दिसते. अॅट्रॉफी झालेल्या ठिकाणी ते फिकट होते आणि खालच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात. हा फिकटपणा जठराच्या खालच्या भागापुरता आहे की वरपर्यंत पसरला आहे, यावरून धोक्याची प्रतवारी करण्याची पद्धत किमुरा आणि ताकेमोतो यांनी 1969 मध्ये घालून दिली. ती आजही वापरली जाते.

मात्र नजरेचा अंदाज पुरेसा नसतो. सुधारित सिडनी पद्धतीनुसार जठराच्या ठरावीक पाच जागांहून अस्तराचे कण घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जातात. एकाच जागेचा नमुना घेतल्यास शेजारची हानी निसटू शकते. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ ही समजूत निराधार आहे. हे कण तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात आणि ते घेताना वेदना होत नाहीत.

ही तपासणी कोणी करावी?

जपानमध्ये 2016 पासून पन्नाशीपुढील नागरिकांना राष्ट्रीय कर्करोग तपासणीत एंडोस्कोपीची सोय आहे, कारण तेथे हा रोग फार आढळतो. भारतात त्याचे प्रमाण ईशान्येकडे, विशेषतः मिझोराममध्ये, सर्वाधिक आहे. महाराष्ट्रात ते तुलनेने कमी आहे. त्यामुळे पित्ताची तक्रार असलेल्या प्रत्येकाने ही तपासणी करून घेण्याचे कारण नाही. पुढील परिस्थितीत मात्र ती टाळू नये :

• विनाकारण घटणारे वजन, थोडे खाताच पोट भरणे, वारंवार उलट्या, गिळताना अडथळा.
• रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, म्हणून त्या सुरू असल्यास डॉक्टरांना सांगावे.
• कारण न सापडणारा रक्तक्षय.
• चाळिशी-पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला आणि न हटणारा त्रास.
• आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणास जठराचा कर्करोग झालेला असणे.

यांपैकी काही जाणवत असताना औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेत राहणे विशेष घातक आहे. आम्ल दाबणारी औषधे सुरुवातीच्या कर्करोगाची लक्षणेही काही काळ झाकून टाकतात.

तपासणीच्या दिवशी

सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते. घसा बधिर करणारा फवारा मारून रुग्णास डाव्या कुशीवर निजवतात. तपासणीस सामान्यतः पाच ते दहा मिनिटे लागतात. गुंगीचे इंजेक्शन घेतल्यास सोबत कोणीतरी असावे आणि त्या दिवशी वाहन चालवू नये. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधे सुरू असल्यास आधीच सांगावे. जिवाणूची चाचणीही करायची असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्लरोधक गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद ठेवावी लागतात. अन्यथा जिवाणू असूनही चाचणी ‘नाही’ म्हणू शकते.

सेलूहून रेल्वेने परभणी-नांदेडकडे किंवा जालना-छत्रपती संभाजीनगरकडे जाता येते. नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय. निघण्यापूर्वी जुने अहवाल आणि चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालावीत. जाणे एकदाच घडणार असेल, तर बायोप्सीचा अहवाल कधी व कसा मिळेल, हेही तेथेच विचारून घ्यावे. तपासणी झाली पण अहवाल आणायला कोणी गेलेच नाही, अशाने सारा खटाटोप वाया जातो.

अहवाल हाती आल्यावर

‘कर्करोग नाही’ एवढे वाचून कागद कपाटात ठेवू नये. डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : जिवाणू आहे का? अॅट्रॉफी किंवा मेटाप्लासिया आहे का, आणि असल्यास किती भागात? पुन्हा तपासणी लागेल का, आणि केव्हा?

जिवाणू आढळल्यास साधारण चौदा दिवसांचा औषधोपचार असतो. तो अर्धवट सोडल्यास जिवाणू औषधांना दाद देईनासा होतो. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी तो गेल्याची खात्री करून घ्यावी. याचा लाभ किती, हे कोरियातील 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसते. जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या जवळच्या नातलगांपैकी ज्यांना जिवाणूनाशक औषधे दिली, त्यांच्यातील 1.2 टक्के जणांना सुमारे नऊ वर्षांत हा कर्करोग झाला. औषधाविना गोळ्या दिलेल्यांत हे प्रमाण 2.7 टक्के होते.

केवळ खालच्या भागातील सौम्य अॅट्रॉफी असेल आणि कुटुंबात हा रोग नसेल, तर सहसा पुन्हा एंडोस्कोपी लागत नाही. हानी जठराच्या दोन्ही भागांत पसरलेली असल्यास दर तीन वर्षांनी, आणि घरात हा कर्करोग झालेला असल्यास एक-दोन वर्षांनी ती करावी, असे युरोपातील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. डिस्प्लेसिया आढळल्यास मात्र दिरंगाई नको. अगदी प्रारंभीचा बिघाड अनेकदा दुर्बिणीतूनच, पोट न उघडता, काढता येतो.

विडी-सिगारेट सोडणे, अतिखारट व खारवलेले पदार्थ कमी करणे, ताजी भाजी-फळे खाणे आणि पाणी शुद्ध करून पिणे, हे उपाय संपूर्ण कुटुंबाने करावेत. घरातील ज्या वडीलधाऱ्यांची गोळी वर्षानुवर्षे सुटलेली नाही, त्यांना निदान एकदा तरी डॉक्टरांकडे न्यावे. एंडोस्कोपी हवी की नको, हे तेथे ठरेल. बहुतेकांना घरी परतताना दिलासाच मिळेल आणि ज्यांना उपचार हवा आहे, त्यांना तो वेळेवर मिळेल.