अडखळणारा पाठ आणि आंतरजालाची नवी वाहतूक-पद्धती

सह्याद्रीच्या डोंगररांगांत वसलेला मोखाडा हा पालघर जिल्ह्यातील आदिवासीबहुल तालुका होय. येथील पाडे दऱ्याखोऱ्यांत विखुरलेले असल्याने मोबाइल मनोऱ्याच्या लहरींना डोंगर आडवे येतात. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद होऊन पाठ मोबाइलच्या पडद्यावर आले, तेव्हा अशा भागांची ही अडचण तीव्रतेने जाणवली. पाठ मध्येच थबकतो, याचे कारण केवळ अपुरा वेग नव्हे. माहिती वाहून नेण्याच्या पद्धतीशीही त्याचा संबंध आहे.

चित्रफीत कशी पोहोचते?

आंतरजालावरील चित्रफीत काही सेकंदांच्या तुकड्यांत विभागलेली असते व प्रत्येक तुकडा अनेक दर्जांत तयार ठेवलेला असतो. आधीचा तुकडा किती वेगाने आला आणि हाती किती साठा शिल्लक आहे, हे पाहून मोबाइल पुढील तुकड्याचा दर्जा ठरवितो. वेग घटला की चित्र धूसर होते. साठा संपला की पाठ थांबतो.

घाटातील कोंडी

हे तुकडे लहान लहान पाकिटांच्या रूपाने प्रवास करतात. १९८१ मध्ये प्रमाणित झालेल्या टीसीपी पद्धतीत पाकिटे क्रमानेच पुढे सोपविली जातात. अरुंद घाटात एक मालमोटार बंद पडली की मागील सारी वाहने खोळंबतात. त्याचप्रमाणे एक पाकीट हरवले की मागाहून पोहोचलेली पाकिटेही अडून राहतात.

२०२१ मध्ये प्रमाणित झालेली ‘क्विक’ पद्धती एकाच जोडणीत अनेक स्वतंत्र प्रवाह चालविते. चित्र व ध्वनी वेगळ्या प्रवाहांत असल्यास चित्राचे पाकीट हरवले तरी ध्वनी अडत नाही. जोडणी व सुरक्षिततेची पूर्वतयारी जुन्या पद्धतीत दोन-तीन फेऱ्यांत होई. ती येथे एका फेरीत उरकते.

गूगलच्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, क्विकमुळे यूट्यूबवरील चित्रफिती थांबण्याचे प्रमाण संगणकांवर १८ टक्के, तर मोबाइलवर सुमारे १५ टक्के घटले. भारतात ही घट २० टक्क्यांहून अधिक होती. दक्षिण कोरियाच्या वेगवान जाळ्यात संगणकांवर मात्र फरक पडला नाही. जाळे जितके दुर्बल, तितका लाभ अधिक, हे यावरून स्पष्ट होते.

मर्यादा आणि दक्षता

या पद्धतीने जाळ्याची वहनक्षमता वाढत नाही. जेथे लहरच पोहोचत नाही, तेथे मनोरा वा प्रकाशतंतू यांना पर्याय नाही. शिवाय काही कार्यालयांतील सुरक्षा-यंत्रणा क्विकची वाहतूक अडवितात. मग जोडणी निमूटपणे जुन्या पद्धतीवर परतते व कोणाच्या ध्यानीही येत नाही. शाळा व ग्रामपंचायतींनी आपल्या जोडणीत असा अडथळा नाही ना, याची तंत्रज्ञाकडून खातरजमा करून घ्यावी. शिक्षकांनी लहर चांगली असताना पाठ आधीच उतरवून ठेवावेत आणि थेट पाहताना कमी दर्जा निवडावा. चित्र थोडे धूसर असले तरी चालते. शिकवण्याचा धागा तुटता कामा नये.