विश्लेषण : कॅन्सरच्या उपचाराआधी ‘सेकंड ओपिनियन’ कधी आणि कसे घ्यावे?

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडतो, डॉक्टर ‘पुढच्या आठवड्यात ऑपरेशन करू’ म्हणतात आणि घरात दोन तट पडतात. एकाचे म्हणणे, ‘आता उशीर नको.’ दुसऱ्याचे, ‘एकदा टाटाला दाखवून येऊ.’ डॉक्टरांना वाईट वाटेल ही भीती वेगळीच. अशा वेळी नेमके काय करावे?

दुसरे मत कशासाठी?
शस्त्रक्रिया आधी की केमोथेरपी, रेडिएशन लागेल की नाही, हे गाठीचा प्रकार, स्टेज आणि रुग्णाची प्रकृती पाहून ठरते. म्हणूनच मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत सर्जन, केमोथेरपी व रेडिएशनचे तज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून निर्णय घेतात. याला ‘ट्यूमर बोर्ड’ म्हणतात.

स्तनाच्या कॅन्सरचे उदाहरण घ्या. सुरुवातीच्या टप्प्यात पूर्ण स्तन काढणे किंवा फक्त गाठ काढून रेडिएशन देणे, असे दोन मार्ग असतात. इटली आणि अमेरिकेत १९७०च्या दशकात सुरू झालेल्या चाचण्यांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. दोन्ही गटांतील महिलांच्या जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. दुसरा मार्ग प्रत्येकीला लागू पडतोच असे नाही. पण तो आहे हे ऑपरेशनआधी कळायला हवे, नंतर कळून उपयोग नाही.

थांबले तर आजार वाढेल का?
बहुतेक गाठींच्या कॅन्सरमध्ये मत घेण्यासाठी गेलेल्या आठवडाभराने सहसा फरक पडत नाही. मात्र तीव्र रक्ताचा कॅन्सर, मणक्यातील मज्जारज्जूवर दाब, श्वास अडणे किंवा मोठा रक्तस्राव असेल तर थांबू नये. ‘किती दिवस थांबणे सुरक्षित आहे?’ हा प्रश्न पहिल्या डॉक्टरांनाच विचारावा.

सोबत काय न्यावे?
- बायोप्सीच्या रिपोर्टसोबत काचेच्या स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक. नवा पॅथॉलॉजिस्ट त्या पुन्हा तपासू शकतो.
- सीटी, एमआरआय किंवा पेट स्कॅनची सीडी. फक्त छापील अहवाल पुरेसा नाही.
- आधीच्या उपचारांचे कागद आणि मधुमेह, रक्तदाब यांच्या औषधांची यादी.

रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात, असे वैद्यकीय आचारसंहितेचे २००२चे नियम सांगतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेतही दुसरे मत घेण्याचा हक्क नोंदवला आहे.

मुंबईलाच जावे लागते का?
नाही. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून सुरू असले, तरी प्रत्येकाने तिथेच गर्दी करण्याची गरज नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातील कॅन्सर रुग्णालये जोडलेली आहेत. उपचारांचे निकष सगळीकडे सारखे असावेत, हा त्यामागचा हेतू. ‘नव्या’ या सेवेतून कागदपत्रे अपलोड करून ऑनलाइन मतही घेता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

तज्ज्ञांना काय विचारावे?
- उपचाराचा उद्देश आजार बरा करणे आहे की आटोक्यात ठेवणे?
- दुसरा कोणता पर्याय आहे आणि तो का नको?
- दुष्परिणाम कोणते? पुढे मूल हवे असल्यास आधी काय करावे लागेल?
- एकूण खर्च किती आणि कामावर कधी परतता येईल?

ओळखीतील एकाने हे सारे लिहून घ्यावे. घाबरलेल्या रुग्णाच्या लक्षात निम्मेही राहत नाही.

दोन मते जुळली नाहीत तर?
दोघांनाही कारण विचारावे. दुसरे मत लेखी घेऊन पहिल्या डॉक्टरांना दाखवावे, प्रकरण ट्यूमर बोर्डापुढे ठेवण्याची विनंती करावी. बऱ्याचदा दुसरे मत पहिल्यासारखेच निघते आणि घराजवळच निश्चिंत मनाने उपचार सुरू करता येतात. खरा उशीर होतो तो तिसऱ्या-चौथ्या मतासाठी फिरण्यात किंवा ‘खात्रीशीर’ जडीबुटीच्या मागे लागण्यात.