शंका, संकट आणि टिकून राहिलेली श्रद्धा

श्रद्धा बळकट ठेवायची असेल तर शंकेला मनात थारा देऊ नये, अशी शिकवण ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बरीच रूढ आहे; परंतु मराठी ख्रिस्ती परंपरेत ज्यांची नावे आज आदराने घेतली जातात, त्यांची चरित्रे वाचली तर या शिकवणीला फारसा आधार मिळत नाही. नीळकंठशास्त्री गोरे, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्यापैकी प्रत्येकाच्या वाट्याला शंका आली, आप्तांचा दुरावा किंवा मृत्यू आला, आणि ज्यांच्या भरवशावर नव्या धर्मात पाऊल टाकले त्या सहधर्मीयांशी मतभेदही झाले. तरीही त्यांची श्रद्धा टिकली, आणि ती कशी टिकली याचा शोध घेताना एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते: आपले प्रश्न उघडपणे मांडण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही, आणि प्रश्न सुटेपर्यंत प्रार्थना व सेवा थांबवूनही ठेवली नाही.

ख्रिस्ती धर्मग्रंथाची स्वतःची भूमिकाही याच बाजूची आहे. ख्रिस्ती धर्मविचारात विश्वास हा केवळ काही मतांना दिलेल्या संमतीपुरता मर्यादित नसतो. देवावर टाकलेला भरवसा हे त्याचे मुख्य अंग असते, आणि ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याकडे गाऱ्हाणे घेऊन जाण्यात अवमान मानला जात नाही. जुन्या करारातील ‘स्तोत्रसंहिता’ या ग्रंथात 150 स्तोत्रे असून त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापस्तोत्रे, म्हणजे संकटात सापडलेल्या भक्ताने देवापुढे मांडलेली तक्रार, या प्रकारात मोडतात. त्यांतील बहुतेक स्तोत्रे अखेरीस आशेकडे वळतात, पण 88वे स्तोत्र वळत नाही, ते अंधारातच संपते, आणि तरीही ते ग्रंथातून वगळावे असे यहुदी किंवा ख्रिस्ती परंपरेला वाटले नाही. ईयोबाच्या ग्रंथात तर निर्दोष माणसावर कोसळलेल्या दुःखाचा 42 अध्यायांत ऊहापोह आहे. त्याच्या समाचाराला आलेले मित्र देवाची बाजू घेऊन त्यालाच दोषी ठरवतात, आणि शेवटी देव मात्र त्या मित्रांवरच रागावून देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबाचे बोलणे योग्य होते असा निवाडा देतो. नव्या करारातील मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा पिता आपल्या विश्वासाची आणि अविश्वासाची कबुली येशूपुढे एकाच वाक्यात देतो, आणि त्या अर्धवट विश्वासावरही त्याचा मुलगा बरा होतो. खुद्द येशूने क्रुसावर उच्चारलेला आर्त प्रश्न हा 22व्या स्तोत्राचा आरंभ आहे, म्हणजे प्राण जात असतानाही त्याच्या ओठी विलापस्तोत्रच होते.

पुढील शतकांत ख्रिस्ती साधकांनी या अनुभवाचे अधिक बारकाईने वर्णन केले. प्रार्थनेत गोडी न वाटणे, देव दूर गेल्यासारखा वाटणे, या अवस्थेला आध्यात्मिक शुष्कता म्हणता येईल. गोव्यात 1542 साली आलेले फ्रान्सिस झेवियर ज्या जेझुइट संघाचे होते, त्या संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या साधनाग्रंथात या अवस्थेसाठी एक व्यवहारी नियम घालून दिला आहे: मन प्रसन्न असताना केलेला निश्चय शुष्कतेच्या काळात बदलू नये, उलट प्रार्थना थोडी वाढवावी. सोळाव्या शतकातच स्पेनमधील योहान ऑफ द क्रॉस या संन्याशाने स्वतःच्याच संघातील लोकांनी घडवलेला तुरुंगवास सोसला, आणि आत्म्याच्या काळोख्या रात्रीविषयीचे त्याचे चिंतन आजही प्रमाण मानले जाते. मदर तेरेसा यांची खाजगी पत्रे 2007 साली प्रसिद्ध झाली तेव्हा, कोलकात्यातील सेवेची अनेक दशके त्यांनी देवाच्या सान्निध्याची जाणीव जवळजवळ नसतानाच काढली होती, हे जगाला कळले; काही टीकाकारांना यात दांभिकपणा दिसला, परंतु जाणीव हरपल्यावरही पहाटेची प्रार्थना आणि रुग्णांची शुश्रूषा न सोडणे याला दांभिकपणा म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

मराठी वाचकाला मात्र या विषयाचा सर्वांत समृद्ध दाखला शोधण्यासाठी स्पेनपर्यंत जाण्याची गरज नाही. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकवले आणि सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करीत राहिले. 1874च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात आधी वडील, मग आई आणि त्यानंतर थोरली बहीण असे एकामागून एक मृत्यू घडले. व्रते, उपवास, दानधर्म सारे यथाविधी करूनही उपासमार टळली नाही, आणि परंपरागत श्रद्धेला पहिला तडा तेथेच गेला, असे रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. 1880 साली भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला, आणि 1882च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने पतीचे निधन झाले तेव्हा त्यांच्या पदरी तान्ही मुलगी मनोरमा होती. दुःखामुळे जिचा पहिला धर्म सुटला, ती बाई दुसरा धर्म सहजासहजी आणि निमूटपणे स्वीकारील, ही अपेक्षाच चुकीची होती.

1883 साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन संन्यासिनींच्या मठात राहिल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच दुर्दैवी अंत झाला. रमाबाईंनी त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी मनोरमेसह बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार, घेतला. त्यांच्या या निर्णयामागे तात्त्विक युक्तिवाद होते, त्यांत नीळकंठशास्त्री गोरे यांच्या पत्रांचा वाटा मोठा होता. परंतु त्यांच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटला तो समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी त्या संन्यासिनी लंडनमध्ये चालवत असलेल्या आश्रयगृहाचा, आणि अशा स्त्रियांना जवळ करण्यामागचे कारण म्हणून त्यांना सांगण्यात आलेल्या, येशू व शोमरोनी स्त्री यांच्या विहिरीवरील भेटीच्या कथेचा. कृपेचे दर्शन आधी घडले, सिद्धान्तांचा उलगडा मात्र मागे राहिला. हा क्रम ध्यानात ठेवला नाही तर पुढचा वाद समजत नाही.

तो वाद त्यांच्या आध्यात्मिक माता मानल्या गेलेल्या, त्याच मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी आणि काही प्रमाणात चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून चालला. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांत एकच देव असल्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व आणि धर्मसंस्थेचा अधिकार हे वादाचे मुख्य मुद्दे होते. विशिष्ट सूत्रांवर विश्वास न ठेवणारा चिरंतन शिक्षेस पात्र होतो असे सांगणारी मतप्रतिज्ञा उच्चारण्यास रमाबाईंनी नकार दिला. पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर बिशपांचे नवे जोखड आपण मानेवर घेणार नाही, असे त्यांनी स्पष्टपणे कळवले. क्रुसावर कोरायच्या मजकुराविषयी तर त्यांनी लॅटिनमध्ये असे काय आहे जे संस्कृतात नाही, असा बिनतोड सवाल केला. सिस्टर जेराल्डीन यांना या साऱ्यात अहंकार दिसला, आणि त्यांच्या काळाची चौकट लक्षात घेतली तरी त्यांचे हे निदान चुकले असेच म्हणावे लागते. डोरोथिया बील यांचे वागणे अधिक शहाणपणाचे होते: त्यांनी प्रश्न ऐकून घेतले, स्वतःचे मत सांगितले आणि उत्तराची घाई केली नाही. इतका तीव्र वाद होऊनही रमाबाईंनी ख्रिस्ताला सोडले नाही, आणि मठाशी असलेला स्नेहही पूर्णपणे तोडला नाही.

भारतात परतल्यावर 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. याच सुमारास, बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी, त्यांना जो आंतरिक अनुभव आला त्याविषयी 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की आतापर्यंत आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. साक्ष म्हणजे आपल्या जीवनातील देवाच्या कार्याचे भक्ताने मंडळीपुढे केलेले निवेदन. आणि अशा निवेदनात, ज्या वर्षांत आपण जगापुढे प्रसिद्ध ख्रिस्ती स्त्री म्हणून वावरत होतो तीच वर्षे अपुरी होती, असे मान्य करायला धैर्य लागते. त्यानंतर संकटे थांबली असेही नाही. 1893 साली सदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात गदारोळ झाला, ‘केसरी’ने कडक टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. इंग्लंडमध्ये ज्यांना त्या पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या आणि पुण्यात ज्यांना फाजील ख्रिस्ती वाटत होत्या, अशा दोन्ही बाजूंचा रोष त्यांनी दहा वर्षांच्या आत अनुभवला.

1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या आणि केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. ज्या संकटाने आपले आईवडील हिरावून नेले त्याच संकटात सापडलेल्या मुलींना वाचवणे, हे दुःखाच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले सर्वांत ठोस उत्तर होते. 1905 साली तेथे सामूहिक प्रार्थनेतून आध्यात्मिक जागृतीची मोठी लाट उठली आणि तिचे वर्णन ख्रिस्ती साहित्यात फार कौतुकाने केले जाते. तथापि श्रद्धेच्या चिवटपणाचा खरा पुरावा त्या लाटेत कमी आणि पुढच्या शांत वर्षांत अधिक आहे, कारण त्या वर्षांत ऐकू कमी येत असतानाही रमाबाई हिब्रू आणि ग्रीक भाषांच्या अभ्यासाच्या आधारे बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. 1921 साली एकुलती एक मुलगी आणि कामाची वारसदार मनोरमा वारली, तरी भाषांतराचे काम थांबले नाही. ते पुरे करूनच 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला.

नीळकंठशास्त्री गोरे यांची प्रकृती याहून वेगळी होती. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने आधी ख्रिस्ती मताचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि नंतर 1848 साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून ते नामांकित धर्मपंडित झाले, पण शंकांनी त्यांना कधी पूर्ण सोडले नाही, आणि स्वतः तळमळत असताना इतरांच्या शंकांना पत्रांतून उत्तरे देण्याचे काम ते अखेरपर्यंत करीत राहिले. काही मनांचा पिंडच असा असतो, आणि अशा माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे सांगणे म्हणजे त्याच्या स्वभावालाच पाप ठरवणे होय.

टिळक दांपत्याची कहाणी अधिक परिचित आहे. 1895 साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर पतिपत्नींची सुमारे पाच वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंचा स्वतःचा निर्णय त्यानंतर, सोवळ्याओवळ्याचा एकेक पदर स्वतःच्या विचाराने उलगडत, सावकाश झाला, आणि ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी आपली भीती, राग आणि गोंधळ काहीही लपवलेले नाही. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग, भजन आणि कीर्तनात आणली याचेही महत्त्व येथे आहे. दुःखाच्या वेळी माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तेव्हा लहानपणापासून कानावर पडलेल्या चालीत मंडळीने म्हटलेली प्रार्थना त्याला उचलून धरते. संगतीने केलेली उपासना एकट्याच्या निर्धारापेक्षा टिकाऊ ठरते ती यामुळे.

नामवंतांच्या पलीकडे अहमदनगर, जालना या भागांतील हजारो कुटुंबे आहेत, ज्यांचे पूर्वज प्रामुख्याने महार आणि मांग समाजांतून, अनेकदा दुष्काळाच्या काळात, ख्रिस्ती मंडळीत आले. पोटासाठी धर्म बदलला हा टोमणा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. शिवाय 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित झाला. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात समाविष्ट झाले, ख्रिस्ती दलित मात्र बाहेरच राहिले. बाहेर सवलत नाही आणि काही ठिकाणी मंडळीतही जातीचा दंश चुकत नाही, अशा स्थितीत चार-पाच पिढ्या टिकलेल्या श्रद्धेचे स्पष्टीकरण दुष्काळातल्या धान्याने होत नाही. मंडळीतील जातिभेदाविषयी त्यांनी विचारलेले प्रश्न हे श्रद्धेच्या विरोधातले नसून तिच्याच पोटातून आलेले आहेत.

रमाबाईंचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली इंग्रजीत प्रसिद्ध केला आहे आणि ‘स्मृतिचित्रे’ तर कोणत्याही ग्रंथालयात मिळते. मंडळ्यांच्या अभ्यासगटांनी आणि तरुणसंघांनी बायबलच्या जोडीला ही दोन पुस्तके वाचायला घ्यावीत, आणि वाचताना एखाद्या तरुणाने अवघड प्रश्न विचारला तर पाळकांनी तो पुरता ऐकून घ्यावा.