उभ्या सळईवाचून शवरमा

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइन आणि जॉर्डन या भूभागाला युरोपीय लोक लेव्हांट म्हणतात, तर अरबी भाषक त्याला बिलाद अश्-शाम या नावाने ओळखतात. पातळ रोटीत भाजलेले मांस, खारवलेल्या भाज्या आणि लसणाचे तोंडीलावणे गुंडाळून हातात धरून खाण्याचा जो प्रकार आज जगभरच्या उपाहारगृहांत ‘मेडिटरेनियन रॅप’ म्हणून मिळतो, त्याचे माहेर बव्हंशी हाच भूभाग होय. फेटा चीज, हमस, ऑलिव्ह आणि मेयोनेज एकाच पोळीत कोंबले की भूमध्यसागरी चव साधते, असा समज मात्र चुकीचा आहे. लेबनॉनमधील कोंबडीच्या शवरम्यात मोजकेच जिन्नस असतात आणि त्यांतला प्रत्येक आपापले काम करतो.

मांसाच्या चकत्या उभ्या सळईत ओवून, ती सळई निखाऱ्यांसमोर फिरवत भाजायची आणि जेवढा थर शिजेल तेवढाच सुरीने तासून घ्यायचा, ही रीत 19व्या शतकात ऑटोमन साम्राज्यातील अनातोलियात रूढ झाली. तिच्या जन्माच्या कथांत बुर्सा शहराचे नाव आवर्जून येते. तेथून ती अरब प्रदेशांत गेली, लेबनीज स्थलांतरितांबरोबर मेक्सिकोत पोहोचून डुकराच्या मांसाचा ‘अल पास्तोर’ टाको झाली, आणि तुर्की कामगारांमुळे बर्लिनमध्ये पावात भरलेल्या डोनर कबाबाच्या रूपाने स्थिरावली. आखातात नोकरीस गेलेल्या कोकणातील अनेक कुटुंबांना शवरमा मुंबई-पुण्याच्या नाक्यांवर गाड्या लागण्यापूर्वीच परिचित होता.

घरी अडचण येते ती नेमकी या सळईची. सळईवर दोन गोष्टी एकाच वेळी घडतात : वरच्या थरांतील चरबी वितळून खालच्या थरांवर ओघळत राहते, आणि बाहेरचा पृष्ठभाग कोरडा होऊन खरपूस भाजला जातो. घरच्या भट्टीत या दोन क्रिया एकदम साधत नाहीत. त्या एकामागून एक कराव्या लागतात. त्यासाठी कोंबडीच्या छातीऐवजी मांडीचे बिनहाडी मांस घ्यावे, कारण त्यात चरबी आणि संयोजी ऊती अधिक असल्याने ते दोनदा तापवूनही चामट होत नाही. एक किलो मांसाचे तुकडे लाटण्याने हलके ठेचून सपाट करावेत, मुरल्यावर ते केकच्या लांबट साच्यात एकावर एक दाबून रचावेत आणि 200 अंश सेल्सिअसवर तासाभराच्या आसपास भाजावेत. मध्यभागी तापमान 74 अंशांवर गेले म्हणजे मांस खाण्यास सुरक्षित झाले असे मानतात. पंधरा-वीस मिनिटे निवल्यावर त्या लादीच्या पातळ चकत्या कापाव्यात आणि लोखंडी तवा चांगला तापवून, साच्यात उतरलेले थोडे तेल-रस घालून, त्या चकत्या कडा कुरकुरीत होईतो परताव्यात. तव्यावर गर्दी केल्यास सुटलेल्या पाण्यात मांस उकडते आणि खरपूसपणा येत नाही, म्हणून हे काम दोन-तीन घाण्यांत उरकणे श्रेयस्कर.

मुरवण्यासाठी एक किलो मांसाला तीन चमचे मीठ, अर्धी वाटी दही, एका लिंबाचा रस, थोडे व्हिनेगर, तीन-चार मोठे चमचे तेल, ठेचलेला लसूण आणि मसाले पुरतात. मसाल्यांत मिरी, दालचिनी, वेलची, लवंग, जायफळ आणि ऑलस्पाइस, म्हणजे अमेरिका खंडातून आलेले मिरीसारखे दिसणारे एक सुकवलेले फळ, यांची पूड असते. ऑलस्पाइसवाचून अडत नाही; दालचिनी-लवंगेचे प्रमाण किंचित वाढवले तरी भागते. मराठी स्वयंपाकघराचा हात येथे सहज गरम मसाला, तिखट आणि आल्याकडे वळतो. तो आवरावा, अन्यथा तयार होतो तो चिकन टिक्का. मसाल्याची चव मांसात फार खोल उतरत नाही, आत जाते ते प्रामुख्याने मीठ. त्यामुळे रात्रभर मुरवण्याचा लाभ मिठामुळे मिळतो, तर लिंबाचा अतिरेक झाल्यास मांसाचा पृष्ठभाग पिठूळ होतो.

शवरम्याचा खरा आत्मा मात्र ‘तूम’ या पांढऱ्याशुभ्र, लोण्यासारख्या फुगलेल्या लसणाच्या तोंडीलावण्यात आहे. तेल आणि पाणी एरवी मिसळत नाहीत. पण लसणातील काही घटक तेलाच्या सूक्ष्म थेंबांभोवती आवरण धरतात आणि अंड्याशिवायच घट्ट पायस, म्हणजे एका द्रवात दुसऱ्याचे थेंब तरंगत राहिलेले मिश्रण, तयार होते. पन्नास ग्रॅम सोललेल्या पाकळ्या उभ्या चिरून त्यांतील हिरवा कोंब काढून टाकावा, कारण कडवटपणा मुख्यतः त्याचाच असतो. मग अर्धा चमचा मीठ घालून लसूण मिक्सरमध्ये इतका बारीक वाटावा की कण उरू नये, आणि सुमारे सव्वादोनशे मिलिलिटर थंड सूर्यफूल तेल व अडीच मोठे चमचे लिंबाचा रस आलटून पालटून घालत जावे. पहिले पाव वाटी तेल अक्षरशः थेंबाथेंबाने पडले पाहिजे. चटणीच्या भांड्याच्या झाकणाला बहुधा भोक नसते आणि पाते फिरून मिश्रण तापते, म्हणून मधूनमधून थांबून चमच्या-चमच्याने तेल घालणे किंवा हँड ब्लेंडर वापरणे बरे. मिश्रण फुटून तेल वेगळे झालेच, तर चमचाभर लसणाची ताजी गोळी बर्फाच्या पाण्यात वाटून त्यात ते फुटलेले मिश्रण हळूहळू घालावे. ऑलिव्हचे तेल येथे टाळावे. वेगाने घुसळल्यावर ते कडवट लागते.

भारतातील गाड्यांवर तूमची जागा मेयोनेजने घेतली, आणि ही अदलाबदल केवळ चवीपुरती राहिली नाही. 2022च्या मे महिन्यात केरळातील कासरगोड जिल्ह्यात शवरमा खाल्ल्यानंतर झालेल्या विषबाधेत एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. त्यानंतर तेथे तपासण्या सुरू झाल्या, आणि जानेवारी 2023मध्ये त्या राज्याने कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी घातली. अर्धकच्चे मांस आणि तासन्‌तास उघडे राहिलेले मेयोनेज ही जोडगोळी खरोखरच घातक असते. तूममध्ये अंडे नसले, तरी तेलात बुडालेल्या कच्च्या लसणात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, म्हणून लिंबू कमी करू नये आणि बरणी कायम फ्रिजमध्येच ठेवावी.

रोटीसाठी शाम प्रदेशात ‘साज’ नावाचा फुगीर लोखंडी तवा वापरतात. त्यावर भाजलेल्या कागदासारख्या पातळ रोटीस मरकूक म्हणतात. विदर्भात पालथ्या मडक्यावर हातांनी पसरून टाकली जाणारी लांबी रोटी आणि खानदेशात खापरावर भाजले जाणारे पुरणाचे मांडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या तंत्राचे नवल वाटू नये. घरी लोखंडी कढई गॅसवर पालथी घालावी. तीन भाग मैदा व एक भाग कणीक यांचे सैलसर पीठ तासभर मुरू देऊन जमेल तेवढे पातळ पसरावे, मिनिटभर भाजावे आणि लगेच फडक्यात झाकावे, म्हणजे रोटी गुंडाळताना तडकत नाही.

भरताना रोटीवर तूमचा थर, त्यावर मांस, खारवलेल्या काकडीच्या फोडी आणि हवे असल्यास तळलेले बटाट्याचे काप घालावेत. ताहिनी, म्हणजे तिळाचे वाटण, आणि कांदा हे तेथे प्रामुख्याने गोमांसाच्या किंवा मेंढीच्या शवरम्यासाठी राखलेले असतात. कोंबडीसोबत ते दोन्ही तूमशी भांडतात. गुंडाळी घट्ट वळून तव्यावर जड भांड्याखाली दाबून शेकली, की बाहेरून कुरकुरीत होते आणि आतील रस बाहेर पडत नाही. सवड कमी असेल, तर रोटी विकत आणण्यास हरकत नाही आणि मांस थेट तव्यावर भाजले तरी चालते. तूम मात्र घरीच करावे.