समुद्रात हरवलेली जहाजे

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी गंगाखेड हे गाव वसले आहे. तेथे नदीत एखादी नाव उलटली, तर ती दोन्ही काठांवरील माणसांना दिसते. हाकाटी होते, पोहणारे धाव घेतात आणि नाव वाहून गेली, तरी खालच्या अंगास कोठेतरी वाळूत रुतलेली सापडते. ती का बुडाली, हे सांगावयास कोणी ना कोणी असतो. समुद्राची गोष्ट निराळी. तेथे काठ दिसत नाही, पाहणारा कोणी नसतो आणि तळ कित्येकदा हजारो मीटर खोल असतो. म्हणूनच समुद्रावर एखादे जहाज किंवा विमान बेपत्ता झाले, की लोक म्हणतात, ‘यात काही तरी गूढ आहे.’ हे गूढ खरोखर कशात असते, ते आपण पाहू.

८ नोव्हेंबर १८८८ रोजी ‘वैतरणा’ नावाची आगबोट कच्छमधील मांडवी बंदरातून मुंबईस निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते. त्या काळी ही मोठी नवलाई असल्यामुळे गुजराती लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. बोटीवर सातशेहून अधिक माणसे होती, असे मानतात. सौराष्ट्राच्या किनाऱ्याने जात असता ती वादळात सापडली आणि मुंबईस कधीच पोचली नाही. बिनतारी संदेश पाठविण्याची सोय तेव्हा जगात कोठेच नव्हती. शोध करण्यासाठी बोटी धाडण्यात आल्या. परंतु तिचा मागमूस लागला नाही. मागे उरली ती लोकगीते आणि नाना तर्ककुतर्क.

आता याच अरबी समुद्रातील दुसरी घटना पाहा. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. पावसाळ्याचे दिवस होते आणि समुद्र खवळलेला होता. एका प्रचंड लाटेने बोट एका बाजूस कलली, घाबरलेल्या उतारूंची धावपळ झाली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. त्यामुळे ही वार्ता मुंबईस कळावयास कित्येक तास लागले. काही उतारू वाचले, म्हणून काय घडले ते जगाला समजले. एकही माणूस वाचला नसता आणि बोट दूरच्या खोल समुद्रात असती, तर ‘रामदास’चीही कथा गूढ म्हणूनच सांगितली गेली असती.

बोट कशी उलटते? तिचे वजन तळाशी असेल, तर ती कलली तरी पुन्हा सरळ होते. परंतु माणसे व सामान वरच्या मजल्यावर फार झाले, किंवा आत शिरलेले पाणी एका बाजूस लोटले, तर हा तोल सुटतो. मग थोड्या क्षणांत सारे संपते. होड्या सोडावयासही अवसर मिळत नाही. कधी एखादी अवाढव्य लाटही घात करते. अशा लाटांविषयी खलाशी पूर्वीपासून सांगत. परंतु पुष्कळांना ती अतिशयोक्ती वाटे. १ जानेवारी १९९५ रोजी युरोपातील उत्तर समुद्रात एका मंचावर बसविलेल्या यंत्राने सुमारे २५ मीटर उंचीची लाट मोजली. ती आठ मजली इमारतीएवढी होती! खलाशांचे सांगणे खरे ठरले.

विमानांचा प्रश्न थोडा निराळा आहे. समुद्रावर वाट दाखविणारी खूण नसते. ५ डिसेंबर १९४५ रोजी अमेरिकेच्या नौदलाची पाच विमाने फ्लॉरिडाजवळ बेपत्ता झाली. ‘बर्म्युडा त्रिकोण’ या नावाने जो सागरी प्रदेश गाजला, त्यातील ही सर्वांत प्रसिद्ध घटना होय. विमानांच्या प्रमुखाने आपली होकायंत्रे बिघडल्याचे कळविले होते. तो दिशा चुकला, रात्र पडली, हवा बिघडली आणि इंधन संपत आले. एवढी कारणे एकत्र आल्यावर आणखी अद्भुत कारण शोधण्याची गरज उरत नाही.

तरीही तुम्ही विचाराल, ‘मग अवशेष का सापडत नाहीत?’ याचे उत्तर आपल्या देशातीलच एका घटनेत आहे. २२ जुलै २०१६ रोजी भारतीय वायुदलाचे एएन-३२ जातीचे विमान एकोणतीस जणांना घेऊन चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघाले आणि बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. जहाजांनी व विमानांनी कसून शोध केला, पण व्यर्थ. पुढे राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे एक स्वयंचलित यंत्र समुद्राच्या तळाशी फिरले. त्याने घेतलेल्या चित्रांत विमानाचे अवशेष दिसले. ते याच विमानाचे असावेत, असे जानेवारी २०२४ मध्ये सरकारने जाहीर केले. तेथील खोली होती सुमारे ३,४०० मीटर. कळसूबाईची दोन शिखरे एकावर एक ठेवली, तरी ती त्या पाण्यात बुडून जातील! साडेसात वर्षे जे गूढ होते, ते केवळ आपल्या दृष्टीच्या पलीकडे होते.

‘वैतरणा’ अजून सापडलेली नाही. तथापि त्या काळी मुंबई सरकारने चौकशी केली, तेव्हा बोटीवर जीवरक्षक होड्या व पट्टे पुरेसे नव्हते, असे आढळून आले. यातील बोध मोलाचा आहे. ‘समुद्राने गिळले’ असे म्हणून जो स्वस्थ बसतो, तो पुढच्या बोटीवरील होड्या मोजीत नाही. कारण शोधणारा मनुष्य त्या मोजतो, उतारूंची संख्या ठरवून देतो, हवेचा अंदाज पाहूनच बोट सोडतो. गेलेली माणसे त्याने परत येत नाहीत. परंतु उद्या निघणारी सुखरूप घरी पोचतात.